यंत्राला मी काय शिकवलं नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आज सांगते आहे, आणि सांगताना चिडलेली आहे — कुणावर, ते तुम्हाला कळेलच.

पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या दाराशी आमच्या कंपनीचा रोबो उभा आहे. माणूस जसं अभिवादन करेल तसंच तो उलट करतो. राम राम म्हणालात तर राम राम, सलाम म्हणालात तर हात कपाळाशी नेतो. त्याला मराठी बोलायला शिकवायचं काम माझ्याकडे होतं.

शेवटच्या मीटिंगमध्ये टीम लीड म्हणाला, सगळं ठीक आहे, फक्त ‘जय भीम’ नको, ते पॉलिटिकल वाटतं, आपण न्यूट्रल राहू. राम राम न्यूट्रल, बरं का! कॅम्पातली माझी सहकारी रुबीना तिथेच भडकली. आमच्या शेजारचे काका रोज हेच म्हणतात, त्यात राजकारण कुठलं, असं तिनं विचारलं. मग लीड माझ्याकडे वळला. मराठीतलं मलाच जास्त कळतं ना.

मी काय म्हणाले असेन?

मी विश्रांतवाडीची. आमच्या घरी आजोबांपासून बुद्धवंदना. त्या दिवशीही अप्पांना, म्हणजे वडिलांना, जय भीम म्हणूनच मी घरातून निघाले होते. पण ऑफिसात हे कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या आडनावावरून त्यांनी जे गृहीत धरलं, ते मी — धरू दिलं. वर्षानुवर्षं. डब्याच्या वेळी आरक्षणावरचे विनोद व्हायचे तेव्हा मीही हसायचे. कुणी जबरदस्ती केली होती का? नाही.

तर मी म्हणाले, “काढून टाकू. रोजच्या बोलण्यात कोण म्हणतं?”

आणि माझ्याच हातानं काढलं. रुबीना माझ्याकडे बघत राहिली. लीड खूश. त्याचा मला संताप येतो — पण त्यानं नुसतं विचारलं होतं. उत्तर माझं होतं.

पुढे अप्पांना मोतीबिंदू निघाला. डॉक्टर त्याच हॉस्पिटलातले. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून निघाले, लेकीनं शिकवलेलं यंत्र बघायचं म्हणून. त्याच्यासमोर ताठ उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, “जय भीम.”

“माफ करा, मला समजलं नाही. कृपया पुन्हा बोला.”

आवाज पोचला नसेल असं वाटून ते मोठ्यानं म्हणाले. तेच उत्तर. बाकावरची माणसं बघायला लागली. मागून कुणीतरी सुचवलं, काका, नमस्कार म्हणा, मग चालेल. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाईल चाळत होते. खरंच — फाईल चाळत होते.

“नमस्कार,” अप्पा म्हणाले. यंत्र वाकलं, स्वागत आहे म्हणालं.

परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, “हे तू नाही का शिकवलंस त्याला?”

“ते दुसरी टीम बघते, अप्पा. विसरले असतील.”

“मग सांग त्यांना. विसरतात माणसं.”

रागावले असते तर बरं झालं असतं. रागावले नाहीत. विहारात मात्र सगळ्यांना सांगून आले, आमची पोरगी त्यांना सांगणार आहे. महिन्याभरानं त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणाले, झालं, घातलं त्यांनी.

मग दुसऱ्या डोळ्याची वेळ आली. पहिला डोळा ज्यांनी केला त्याच डॉक्टरांकडे जाऊ, माणूस चांगला आहे, असं अप्पा म्हणत होते. मी त्यांना स्वारगेटजवळच्या दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर जास्त अनुभवी आहेत, असं सांगितलं. मला त्यांच्याबद्दल काहीही माहीत नव्हतं. खोटं उघडं पडू नये म्हणून मी बापाचा डोळा अनोळखी हातात दिला. ऑपरेशन नीट झालं, पण ते माझ्यामुळे नव्हे.

रुबीनानं नोकरी सोडली. जाताना ती सगळ्यांना भेटली, मला सोडून.

यंत्र अजून तिथेच आहे. तो शब्द परत घालायला कुणाची परवानगी लागत नाही. चहा निवायच्या आत होईल एवढंच काम आहे. मी ते केलेलं नाही.