दाजींच्या जबड्याची पट्टी

प्रथमोपचाराच्या परीक्षेत मी तीनदा नापास झालो, आणि तिन्ही वेळा माझ्या हातून कोणीही दगावलं नाही, ही जमेची बाजू परीक्षकांनी कधी ध्यानातच घेतली नाही.

मला कंडक्टर व्हायचं होतं. दुष्काळ होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं घर उंब्रजला, मोठ्या रस्त्यापासून दोन शेतं आत. शेतात माझी मदत होण्यापेक्षा अडचणच जास्त व्हायची, असं आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मत होतं. कंडक्टरच्या बिल्ल्याला प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट लागायचं. ते कशाला लागतं हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. तिकीट फाडताना बोट कापलं तर, असं मी धरून चाललो होतो.

परीक्षा साताऱ्याला. अभ्यासाला एक पातळ पुस्तिका होती. तिच्या प्रत्येक धड्याची सुरुवात एकाच वाक्यानं व्हायची: प्रथमोपचार करणाऱ्याने प्रथम स्वतः घाबरून जाऊ नये. एवढं वाक्य मी पक्कं पाठ केलं. तोंडी परीक्षेला किडकिडीत, चष्मेवाले एक डॉक्टर होते. त्यांनी हाड मोडल्याचं विचारलं, मी हे वाक्य म्हटलं. भाजल्याचं विचारलं, तेच म्हटलं. बुडाल्याचं विचारलं, तेव्हाही तेच. त्यानंतर पुढे काय करावं, असं त्यांनी दात खात विचारलं. मी म्हणालो, रुग्णासही घाबरू देऊ नये.

दुसऱ्या खेपेला मी सगळे धडे घोकून गेलो. त्यांनी तिथल्या शिपायाला माझ्यापुढे बसवलं, याचा उजवा हात मोडलाय म्हणाले, आणि झोळी बांधायला सांगितली. मी अशी सुरेख झोळी बांधली की शिपाईसुद्धा खूश झाला. फक्त ती डाव्या हाताला बांधली. डॉक्टरांनी चष्मा पुसून झोळी पुन्हा पाहिली. मग म्हणाले, "आता या गृहस्थांना तुम्हाला मारायचं असेल, तर त्यांनी कुठल्या हाताने मारावं?"

घरी आलो आणि ती पुस्तिका गोठ्यात भिरकावली. माझा संताप कोणावर होता ते मला नीट सांगता येणार नाही. डॉक्टरवर होता, शिपायावर होता, आणि माणसाला ज्यानं दोन हात दिले त्याच्यावर तर होताच. आण्णांनी पुस्तिका उचलली, धोतराच्या सोग्यानं शेण पुसलं आणि जाहीर केलं की इथून पुढं अभ्यास त्यांच्या हुकमानं होणार.

आण्णा फौजेतनं हवालदार होऊन परत आलेले. त्यांचं म्हणणं, घोकून कोणी लढाई जिंकत नाही, कवायत पाहिजे. त्यांनी दारावर खडूनं वेळापत्रक लिहिलं. सकाळी हाडं मोडणे, दुपारी भाजणे, दिवस मावळायच्या आत विषबाधा. जुनं धोतर फाडून त्रिकोणी पट्ट्या केल्या. हाडाला आधार द्यायला कळकाच्या कामट्या तासल्या. रक्त दिसल्याशिवाय सराव खरा वाटत नाही म्हणून पट्ट्या गेरूच्या पाण्यात बुचकळल्या. आईला त्यांनी भाजलेली बाई व्हायला सांगितलं. ती म्हणाली, मी रोजच चुलीपाशी भाजतीय, त्याला कवायत लागत न्हाई. मग रुग्ण म्हणून आण्णा स्वतःच पडायचे आणि पडल्या पडल्या मला शिव्या घालायचे. मोडक्या हाडाचा माणूस इतका ओरडत असेल, तर त्याच्यावर उपचार करूच नयेत, या मताला मी त्याच दिवसांत आलो.

माझी थोरली बहीण ताराक्का तेव्हा माहेरपणाला आली होती. आमच्यात तीच स्वभावानं गरीब. ती चौथीपर्यंत शिकलेली. पुस्तिका हातात धरून ती माझं पाठांतर ऐकायची, आणि मी अडलो की पानाकडं न बघता पुढचं वाक्य सांगायची. याचाही मला राग यायचा.

तिला न्यायला दाजी आले. दाजी विट्याचे. तिकडं मद्रासेच्या बाजूला त्यांचं सोनं गाळायचं दुकान. गावाकडं आले की अंगात रेशमी शर्ट, बोटात दोन अंगठ्या आणि नाकावर राग. लग्नात घोडा पांढरा नाही म्हणून तासभर मांडवाबाहेर बसलेला माणूस. अशा जावयाला जपून वागवायचं असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी दारावरचं वेळापत्रक वाचलं आणि चहा पिता पिता ते हसायला लागले. तिकिटं फाडायच्या कामाला एवढी तालीम कशाला, असं म्हणाले. दोनदा नापास झालेल्याला आता तिसऱ्यांदा कशाला पाठवता, असंही म्हणाले. आणि मग स्वतःच उठून माझ्यापुढं आडवे झाले.

"बांध मला. बघू तुझी विद्या. एका झटक्यात सोडून दावतो."

त्यानंतर मी जे केलं ते शिकण्यासाठी केलं नाही, हे आज कबूल करतो. मी रागानं बांधलं. काखेपासून टाचेपर्यंत लांब कामटी लावून पाय बांधले. दोन्ही पाय एकत्र करून पुन्हा बांधले. डावा हात झोळीत घालून छातीशी आवळला. डोक्याला गेरूची पट्टी गुंडाळली. हे चालू असताना दाजी एकसारखे बोलत होते. गाठ ढिली आहे, पट्टी वाकडी आहे, मद्रासेकडचा कंपाउंडर यापेक्षा बरा. मला एकदम जबड्याचा धडा आठवला. जबडा मोडला असता हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर घट्ट बांधावी आणि रुग्णास बोलू देऊ नये. (सगळ्या पुस्तिकेत मला मनापासून पटलेलं हे एकच वाक्य.) मी पट्टी घेतली, गुडघा टेकला आणि ओढली. दाजी अर्ध्या शब्दात थांबले.

घरात अशी शांतता झाली की आई चुलीपासनं बाहेर आली.

आण्णांनी फेरी मारून सगळ्या गाठी तपासल्या. महिनाभरात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर समाधान दिसलं. आता रुग्ण हलवायचं शिकायचं, म्हणाले. दोन कळकांत पोती ओवून स्ट्रेचर केलेलं होतंच. दाजींना त्यावर घातलं. पुढं आण्णा, मागं मी. मोठ्या रस्त्यावरच्या थांब्यापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं, असा हुकूम. दाजी डोळे वटारून अं अं करत होते, मोकळ्या हातानं माझं मनगट धरायला बघत होते. मी आण्णांना सांगितलं. ते मागं न बघता म्हणाले, "रुग्ण बेशुद्ध हाय. त्याचं काय ऐकतूस?"

थांब्यावर पोचलो आणि साताऱ्याहून विट्याला जाणारी गाडी येऊन थांबली. मघापासून चाललेला मूर्खपणा इथून पुढं आमच्या हातात राहिला नाही.

कंडक्टर खाली उतरला आणि स्ट्रेचर बघून धावत आला. चांगला माणूस असणार, पण त्या घटकेला मला त्याच्याइतका कुणाचाच राग आला नव्हता. रक्तबंबाळ डोकं, बांधलेले पाय, गच्च आवळलेला जबडा. कुठं झाला अपघात, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, अपघात नाही, सगळं खोटं आहे. त्याचा चेहरा बदलला. अपघात नाही म्हणजे मारहाण, असा त्यानं अर्थ लावला. त्याच वेळी दाजींनी मोकळा हात वर केला आणि सगळ्या गाडीदेखत माझ्याकडं बोट दाखवलं.

खिडक्यांतनं एकच गलका झाला. दोघे गडी उतरले आणि त्यांनी माझ्या हातातलं स्ट्रेचर काढून घेतलं. दाजी जबड्याची पट्टी उपसायला लागले तर कंडक्टरनं त्यांचा हात धरला, हात लावू नका, जबडा हललेला दिसतोय म्हणाला. आणि आण्णा? माझे वडील, हवालदार, त्यांनी हे सगळं थांबवायला एक शब्द बोलावा ना! ते कंडक्टरशी भांडत होते ते रुग्णाचं डोकं आधी आत घालायचं की पाय, यावर. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं पाय आधी गेले, घंटी वाजली आणि गाडी कराडच्या वाटेला लागली. मी फर्लांगभर मागं पळालो. परत आलो तेव्हा आण्णा म्हणाले, घातलं मात्र बरोबर.

पुढच्या गाडीनं आम्ही कराडला गेलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात दाजी बाकावर बसले होते. पट्ट्या सोडल्या होत्या, गालाला वळ होते, रेशमी शर्ट गेरूनं माखला होता. आता तोंड मोकळं असून ते बोलत नव्हते. परत येताना सबंध वाट त्यांनी आमच्याकडं पाठ केली होती. ताराक्काला आता नांदवायचं नाही, एवढंच ते उंब्रजला उतरल्यावर म्हणाले. तेव्हा मात्र माझा राग उतरला. मला आलेल्या रागाची भरपाई तिला करावी लागणार होती.

दुपारी ट्रक आला. कराडला उतरवलेल्या दाजींना गाडीतल्या कुणी ओळखलं होतं आणि तीच गाडी पुढं विट्याला गेली होती. विट्याच्या पोराला सासरवाडीत हाणून पाय मोडले, अशी बातमी तिथं पोचली. दाजींचे वडील तात्या आणि त्यांच्या भावकीतले सात-आठ गडी काठ्या घेऊन भर उन्हात ट्रकमध्ये उभे राहून आले होते. उतरले आणि बघतात तर दाजी आमच्या दारात धडधाकट उभे. हायसं वाटावं की नाही? ते जास्तच चिडले. हातातली कामं टाकून आलेली माणसं, नुसतं परत कसं जायचं?

तात्या आण्णांच्या अंगावर गेले. जावयाची तिरडी बांधून गावातनं मिरवली, असं म्हणाले. आण्णा म्हणाले, तिरडी नव्हे, स्ट्रेचर. त्यावर तात्या आणखी भडकले, मी मधे पडलो, दाजी माझ्यावर आले. आणि एकाएकी तात्यांचा आवाज थांबला. तोंड पांढरंफटक पडलं. हातातली काठी सुटली आणि ते अंगणात कोसळले.

सगळे माझ्याकडं वळले.

मी शेजारी गुडघे टेकले. पुस्तिकेतली सगळी पानं डोळ्यापुढं दिसत होती, पण कुठलं पान कशाचं ते कळेना. तोंडातनं आलं ते असं, "प्रथमोपचार करणाऱ्याने प्रथम स्वतः घाबरून जाऊ नये." मग तेच पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा. भावकीतला एकजण म्हणाला, आरं ह्यो मंत्र म्हणतोय.

ताराक्कानं मला खांद्याला धरून बाजूला लोटलं. तिनं माणसं मागं सारली, तात्यांना सावलीत उताणं निजवलं, फेटा काढला, गळ्याशी गुंड्या सोडल्या. पायांखाली धान्याचं पोतं दिलं. पदर ओला करून तोंड पुसलं. आण्णांनी पाण्याचा तांब्या तात्यांच्या तोंडाशी नेला, तर तिनं त्यांचा हात धरला. "शुद्धीवर यायच्या आदी पाजायचं न्हाई. मागं व्हा, आण्णा." आणि हवालदार मागं झाले.

थोड्या वेळानं तात्यांनी डोळे उघडले. उठायला लागले तर तिनं खांदा दाबून ठेवला. "बोलू नगासा मामंजी. पडून ऱ्हावा."

काठ्या घेऊन आलेला माणूस सुनेच्या सांगण्यानं पडून राहिला. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, हे कुठं शिकलीस? ती खाली बघत म्हणाली, ह्याचं पाठांतर घेताना माझंच पाठ झालं. तात्या दाजींकडं वळले. "हिला ह्याच्यासंगं सातारला परीक्षेला बसीव. कागुद घिऊन मगच घरला येऊ दे. आन् तू लय बोलू नगंस."

दाजी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटतं, वडिलांची पट्टी माझ्यापेक्षा घट्ट बसली.

आम्ही दोघं परीक्षेला बसलो. तिला सरावाला रुग्ण म्हणून मलाच दिलं. तिनं उजव्या हाताची झोळी उजव्या हाताला बांधली आणि डॉक्टर पहिल्यांदा हसले. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी सोपं विचारलं. समोर माणूस चक्कर येऊन पडला तर काय कराल? मी खरं तेच सांगितलं. म्हणालो, ताराक्काला हाक मारीन.

ती सर्टिफिकेट घेऊन सासरी गेली. मी पुन्हा तयारीला लागलो. चौथ्या खेपेला मी आत शिरलो तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. काही विचारलं नाही. कागदावर सही केली, माझ्या हातात दिला, पण सोडला नाही. "सर्टिफिकेट देतो," ते म्हणाले, "पण शब्द द्या. गाडीत कोणाला काही झालं तर त्याला हात लावायचा नाही. घंटी मारायची आणि गाडी सरळ दवाखान्यात न्यायची."

सबंध नोकरी झाली, पेन्शनीत आलो. डॉक्टरांना दिलेला शब्द मी एकदाही मोडला नाही, आणि त्यांनी हयातभर केलेल्या उपचारांत सगळ्यात जास्त माणसं याच एका उपचारानं वाचली असावीत.