नारळ आणि दिव्यांच्या काचा

माझ्या भावाच्या गाडीच्या दोन्ही दिव्यांना तडे गेले ते आबांच्या हातून, ऐन दसऱ्याच्या दिवशी. आबा म्हणजे आमचे वडील. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं नात्यागोत्यात ही गोष्ट अशी फिरली, जणू म्हाताऱ्यानं दावाच साधला.

आमचं गाव आता पुण्यात आलंय. आबांची ज्वारी आणि मेथी होती तिथं बारा मजले उभे आहेत आणि त्यातल्या आठव्यावर भाऊ राहतो. जमीन बिल्डरला द्यायची ठरली तेव्हा मी हक्कसोडपत्रावर सही केली. कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, "बाई, राजीखुशीनं ना?" मी हो म्हटलं. आमच्याकडे बहिणी राजीखुशीनंच सह्या करतात, कारण नाही केली तर माहेर तुटतं. मला जे मिळायचं ते लग्नात मिळून गेलं होतं, एक पत्र्याची हिरवी ट्रंक. ती घेऊन मी खडकीला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये संसाराला आले.

भावानं मग मुंबईहून लाल रंगाची परदेशी स्पोर्ट्‌स कार आणली. सेकंडहँड. सीटा दोनच. घरात माणसं पाच आणि सीटा दोन, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी काय केलं? ओवाळणीचं ताट घेऊन खाली गेले.

पूजा आबांच्या हातून, कारण घरातलं वडील माणूस तेच. आणि आबांना वाहनाची पूजा ठाऊक होती ती ट्रॅक्टरची. हळदकुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू आणि नारळ थेट ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडावर. एका दणक्यात दोन वाट्या. वर्षानुवर्षं त्यांनी तसाच फोडला आणि सगळ्या गावानं तसाच फोडला. त्या दिवशीही त्यांनी धोतर सावरलं, गाडीच्या नाकाडावर लोखंड शोधलं. ते कुठं असणार! सगळं प्लॅस्टिक. तरी त्यांनी डाव्या कोपऱ्यावर नारळ हाणला. नारळ फुटला नाही, दिवा तडकला. सगळे एकदम ओरडले. आबांना ऐकू कमी येतं. त्यांना वाटलं, नारळ फुटला नाही म्हणून लोक ओरडतायत, कारण पूजेचा नारळ न फुटणं म्हणजे अपशकुन. म्हणून घाईघाईनं दुसऱ्या बाजूला गेले आणि पोराचं भलं व्हावं म्हणून जास्त जोर लावून उजव्या दिव्यावर हाणला.

मला आधी हसूच आलं, खोटं कशाला बोलू. मग भावाचं तोंड बघितलं.

"अक्कल विकून खाल्लीय का?" तो सगळ्या सोसायटीसमोर बापाला म्हणाला. "हा काय तुमचा ट्रॅक्टर आहे? व्हा बाजूला! हात नका लावू परत."

आबा अख्खा नारळ हातात धरून उभे. तो शेवटी वॉचमननं त्यांच्या हातून घेतला आणि फरशीवर फोडला.

दुसऱ्या दिवशी आबा पीएमटीच्या बसनं खडकीला आले. सोबत कापडी पिशवी, तिच्यात दोन धोतरं आणि कानाचं मशीन, जे ते कधी लावत नसत. हे तेच आबा, ज्यांनी मला मूल होईपर्यंत माझ्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, लेकीच्या घरचं खायचं नाही म्हणून. आता म्हणाले, "चार दिस ऱ्हातो, पोरी. तो न्यायाला येईल."

चारचे दहा झाले. रोज सकाळी दाढी करून, टोपी घालून ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत. त्यांना माफी नको होती, काही नको होतं. पोरानं दारात येऊन 'आबा, चला घरी' एवढं म्हणावं, बस. स्वतःहून परत गेले असते तर ते त्या घरात पाहुणे झाले असते. मला ते कळत होतं, म्हणून मी भावाला फोन लावला.

"ताई, शोरूमवाला काय म्हणतो माहितीय? नुसती काच मिळत नाही, अख्खा हेडलाइट बदला. बाहेरून मागवायचा, दोन्ही बाजूंचे. प्राइस ऐकून मीच तडकलो. आधी माझे लाइट्स, मग आबांचं बघू."

नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हे. ज्याला हौसेच्या वेळी भाव विचारायचा नव्हता, त्याला दुरुस्तीच्या वेळी बाप महाग पडला. आग मस्तकात गेली माझ्या. पण मी म्हटलं, पाठवून दे इकडे गाडी, हे बघतील. गाडी त्यानं ड्रायव्हरच्या हाती पाठवली, स्वतः आला नाही.

हे म्हणजे माझे यजमान, फॅक्टरीतले फिटर. बोलणं कमी, हात सोन्याचे. त्यांनी दिव्याभोवती बोट फिरवलं आणि म्हणाले, "आतलं सगळं शाबूत आहे. फक्त वरची काच गेलीय. अख्खा दिवा बदलायला सांगणारा एक तर चोर किंवा आळशी."

काच म्हणायची, असतं तेही प्लॅस्टिकच, आणि ते काळ्या चिकट डिंकानं दिव्याला बसवलेलं असतं. डिंक तापवला की काच सुटते, नवी दाबून बसवता येते. नुसत्या काचा मागवून देणारा एक दुकानदार सदाशिव पेठेत निघाला. आम्ही दोघं स्कूटरवरून गेलो. त्यानं चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या स्कूटरकडे, मग गाडीच्या नावाच्या चिठ्ठीकडे.

"दोन्ही एकदम फुटल्या?" त्यानं विचारलं. "गाडी चालवत होता की भांडत होता?"

"पूजा करत होतो," मी म्हटलं.

"मिळतील. आठ दिवस लागतील. रोज फोन करून विचारलंत तर पंधरा."

आम्ही एकदाही फोन केला नाही. आठव्या दिवशी काचा आल्या.

आता अख्खा दिवा सारखा तापवायचा कशात? माझ्या ओव्हनमध्ये तो मावेना. यजमान घरभर फिरले आणि माझ्या ट्रंकेसमोर येऊन थांबले. मी म्हटलं, "खबरदार!" मग मी आबांकडे पाहिलं. पाठमोरे, टोपी घातलेले, फाटकाकडे डोळे लावून बसलेले. मीच ट्रंक रिकामी केली, त्यातला शालूसुद्धा पलंगावर टाकला. यजमानांनी पत्र्याला भोक पाडलं, त्यातून गरम हवेची गन आत लावली, आणि बापानं दिलेल्या ट्रंकेत भावाच्या गाडीचा दिवा शेकायला ठेवला. घरात जळक्या रबराचा वास दोन दिवस राहिला.

काच सुटली. यजमानांनी जुना डिंक खरवडून काढला, नवा भरला, नवी काच बसवली. डिंक धरेपर्यंत चारी बाजूंनी दाबून धरायला हात पुरेनात. त्यांनी हाक मारली, "आबा, जरा इकडून धरता का?"

आबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नगं पावनं," ते म्हणाले. "माझा हात नगं लागाया त्येला."

मग मी धरलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. यजमानांना म्हटलं, वासानं येतंय.

दोन रविवार गेले त्या कामात. दिवे असे झाले की गाडी कालच कारखान्यातून आली म्हणावं. मी भावाला कळवलं आणि आबांना सांगितलं, उद्या येतोय तो. आबांनी कधी नव्हे ते कानाचं मशीन लावलं. त्याचं बोलणं चुकायला नको म्हणून. सकाळी आठला पिशवी भरून, नवं धोतर नेसून तयार. मी लाडू वळले, डबा भरला. मूर्ख बाई मी, सणासुदीसारखं घर आवरून ठेवलं.

भाऊ रिक्षानं आला, एकटाच. त्यानं आधी दिवे पाहिले. वाकून पाहिले, लावून पाहिले, मोबाइलवर फोटो काढले. "दाजी, मानलं तुम्हाला! एकदम शोरूम कंडिशन. रविवारी आमचा ग्रुप खडकवासल्याला चाललाय, वेळेत झालं बघा."

आबा पिशवी घेऊन गाडीच्या दुसऱ्या दारापाशी जाऊन उभे राहिले. गाडीला हात न लावता.

भावानं त्यांच्याकडे पाहिलं. क्षणभर, खरंच सांगते, मला वाटलं आता दार उघडतो. "आबा, ही फार खाली आहे हो," तो म्हणाला. "तुमच्या गुडघ्यांना नाही झेपायची. संध्याकाळी घरची मोठी गाडी पाठवतो ड्रायव्हरबरोबर."

"बरं," आबा म्हणाले.

मी लाडवांचा डबा पुढं केला. तो त्यानं घेतला, शेजारच्या सीटवर ठेवला, आणि वळणावर पडायला नको म्हणून डब्याला पट्टा लावला. मग गेला.

त्याच्या थोबाडात द्यायची सोडून मी फाटकाशी उभी राहून हात हलवला. भावाचा राग येतो त्याहून जास्त मला त्या हलवलेल्या हाताचा येतो. सही केली तोच हात तो.

मोठी गाडी आली नाही. दिवेलागणीला आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, कानातलं मशीन काढलं आणि म्हणाले, "पिशवी आत ठेव, बाय."

महिन्याभरानं भावाचा फोन आला. मी आबांना हाकच मारणार होते. तर तो म्हणाला, "ताई, गाडी धुतली की डाव्या लाइटमध्ये वाफ धरते गं. दाजींना विचार, परत उघडावा लागेल का?"

"उघडावा लागेल," मी म्हटलं. "मोठी गाडी घेऊन ये, आबांना ने, मग उघडू."

"बघतो," म्हणाला. वाफेचं त्यानं दुसरीकडे कुठंतरी करून घेतलं असणार. गरज सरो, वैद्य मरो. आमच्या वैद्याला त्याचं काही वाटलं नाही, त्यांनी ट्रंकेच्या भोकावर पत्र्याचा तुकडा ठोकून दिला.

आबा आमच्याकडेच राहिले. पुढच्या दसऱ्याला मी स्कूटर धुऊन पुसून व्हरांड्यासमोर लावली, झेंडूची माळ घातली आणि नारळ आबांच्या हातात दिला. नको नको म्हणाले. मी म्हटलं, घरातलं वडील माणूस तुम्हीच. तेव्हा त्यांनी नारळ घेतला, स्कूटरकडे एकदा पाहिलं आणि उलट्या दिशेनं चालू लागले. व्हरांडा ओलांडला, नळकोंडाळं ओलांडलं, पार क्वार्टर्सच्या फाटकापर्यंत गेले. तिथल्या दगडावर वाकून त्यांनी नारळ फोडला. एका दणक्यात दोन वाट्या. पाणी सगळं मातीत गेलं.

त्या दोन वाट्या घेऊन ते सावकाश परत आले, स्कूटरपासून हातभर लांब जमिनीवर ठेवल्या आणि मला म्हणाले, "लांबच फोडला, पोरी. दिव्याला काच हाय."

आमच्या स्कूटरच्या दिव्याला गेली सहा वर्षं तडा होता. आबांनी तो कितीदा तरी पाहिला होता.