पत्ते आले, नावं राहिली

गुरुवारी वेल्ह्यात लाईट जाते, हे शेंबड्या पोरालाही माहीत. तरी आमच्या भाऊजींनी, म्हणजे धाकट्या दिरांनी, दुकानातला कॉम्प्युटर पुसून नव्यानं भरायला गुरुवारच धरला. आणि मला फोन कधी? तर दुरुस्तीवाला दारात आल्यावर!

माझ्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही. सोमवारी तिला पुण्याच्या शाळेत, वसतिगृहात सोडायचं होतं. हातांच्या खुणांची भाषा मी त्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघून शिकत होते. आवडला तो बुकमार्क करायचा आणि त्याला आपल्या भाषेत नाव द्यायचं: पाणी, पोटात दुखतंय, आत्या आली. ते पुसलं गेलं असतं, तर पोरगी सुट्टीला आल्यावर तिच्याशी काय बोलणार होते मी, कपाळ?

लेकीला घेऊन दुकानात धावले, तिला स्टुलावर बसवलं आणि भाऊजींवर तुटून पडले. बुकमार्क बाहेर काढायचं एक्स्पोर्टचं बटण दाबलं की मशीन गपगार. शेवटी त्यांनी सगळे बुकमार्क निवडून कॉपी केले आणि नोटपॅडमध्ये टाकले. व्हिडिओंचे पत्ते आले, मी दिलेली नावं नाहीत. नुसती इंग्रजी अक्षरांची मिसळ. त्यात पाणी कुठलं ओळखायचं? तेवढ्यात लाईट गेली. यूपीएस टीं टीं करायला लागला. मी म्हटलं, अक्कल काय गहाण ठेवलीय का तुम्ही.

"वहिनी, वरडू नका," भाऊजी म्हणाले. "पत्ते तुमच्या व्हॉट्सॲपवर टाकतो. पडद्यावरच्या नावांचा मोबाईलनं फोटो काढा. दोन्हीचा क्रम एकच हाय."

घाईघाईत पहिला फोटो हलला. मी मशीनवरही ओरडले. दुसरा नीट आला, मोबाईलवर पत्तेही येऊन पडले, आणि पडदा काळा झाला.

घरी लेक जेवेना. मला वाटलं, शाळेची धास्ती. फोटोतलं नाव आणि पत्ता जुळवून मी एकेक व्हिडिओ तिला दाखवायला लागले. जमलं होतं सगळं, मी खूश होते. तिनं मोबाईल बाजूला सारला. तोंडासमोर बोटं आखडून रागाची खूण केली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं: माझ्यावर?

दुकानात ती सारा वेळ माझं तोंड बघत होती. भांडण कशावरून, हे तिला कुठून कळणार? सोमवारी आई आपल्याला दूर सोडणार, एवढंच तिला ठाऊक. नाही म्हणून मी जोरजोरात मान हलवली, तिला पोटाशी ओढलं. ती सुटली, मागं सरकली आणि तेच परत विचारलं.