आधीच खाली धरलेला तळवा

२००६ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि नॉटिंगहॅमला मुलाकडे राहत होतो. त्याची पक्षी टिपायची जड लेन्स कपाटात पडून होती. हॉस्पिटलच्या ड्यूटीतून त्याला वेळ नसे. मला तळ्यावरचा बगळा टिपायचा होता. आमच्या भंडाऱ्याच्या तलावावर असतो ना, तसाच. पण माझे हात थरथरायचे. सून म्हणाली, "बाबा, राहू द्या आता." मग तर मी ठरवलंच.

कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरवर नागपूरकडचा एक माणूस असे. नाव मी कधी विचारलं नाही, पण दर शनिवारी त्याचं बोलणं ऐकायला जायचो. तो कुठल्याही मालाची स्तुती करत नसे. स्क्रू अंगठ्याने तीनदा दाबून बघायचा आणि नाक मुरडायचा.

मोनोपॉडच्या, म्हणजे एकपायी काठीच्या टोकाला बसवायचं, लेन्स धरणारं हेड मला हवं होतं. मी चहूकडे फिरणारं, गोटीचं मागितलं.

"जड लेन्सला हे नाही चालत जी, काका."

"मला शिकवतोस?"

त्याने ते काठीला लावून मी सोबत आणलेली लेन्स त्यावर जोडून दिली. मी हेडचा स्क्रू जरा सैल केला, तशी लेन्सने एकदम मान टाकली. पण त्याचा तळवा आधीच खाली होता.

"गोटीच लबाड आहे. तुमचा हात बरा आहे," तो म्हणाला आणि नुसतं पुढेमागे झुकणारं हेड लावून दिलं. हात बरा नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने तळ्यावर गेलो. लेन्स हलली नाही. बगळा इतका जवळ दिसला की मी मोठ्याने विचारलं, "कधी आलास रे गावाहून?"