चौदा दिवसांची झोप

समोरच्या फ्लॅटमधली मुलगी हेल्थ सायकॉलॉजी शिकते. सिंगापूरच्या बिशान भागातल्या आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये ती मला रोज सकाळी भेटते.

"कसे आहात, काका?"

"मजेत."

"मजेत म्हणजे?"

एवढं विचारून ती माझ्याकडे बघत राहते. लोक असं काही विचारून मोबाइलमध्ये डोकं घालतात. ही खरंच उत्तराची वाट बघते. आणि अकरा मजले काही लवकर संपत नाहीत.

मध्यंतरी युनिव्हर्सिटीच्या प्रोजेक्टसाठी तिनं मला चौदा दिवसांची झोपेची डायरी भरायला दिली. मी ती ऑफिसच्या टाइमशीटसारखी शेवटच्या दिवशी एका बैठकीत भरून टाकली. झोप सात तास, मन शांत. चौदाही दिवस तेच.

तिनं कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"नेव्हर माइंड लाह, काका," ती इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. बॅगेतून तिनं एक कोरा फॉर्म काढला. "हा मला परत नका देऊ. तुमच्यासाठीच भरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता मी खरं लिहायला बसलो. झोप : तीन तास. 'जाग कशामुळे आली?' या ओळीपाशी मात्र पेन अडलं. फॉर्म घडी घालून खिशात ठेवला.

हल्ली मी अकरा मजले जिन्यानं उतरतो. बायकोला वाटतं, तब्येतीसाठी.