पाठीतलं पाणी
स्पिरिटचा वास आला की इंग्रजांच्या अमलातला अमरावतीचा दवाखाना मला आठवतो. चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या मळ्यात वांग्यांची भरली पोती एकट्यानं गाडीत टाकणारे आमचे हे, तिथं डोळ्यांवर उपरणं ओढून पडले होते. ताप होता, डोकं ठणकत होतं, उजेड सोसत नव्हता. डॉक्टरांनी डोक्याखाली हात घालून हनुवटी छातीला लावायला पाहिलं, तर मान वाकेना, अख्खी पाठच वर आली. "कण्यातलं पाणी काढून बघावं लागेल. गढूळ निघालं तर जिवाला धोका. स्वच्छ निघालं तर बहुधा आपोआप बरे होतील," ते म्हणाले. थोरले दीर उठले. "पाठीत सुई खुपसली का माणूस पांगळा होते. मी गाडी जुंपतो, घरी नेऊ त्याले." डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढे ओढून रोग्याचं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव बाईनं घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं आमच्याकडे मानत, आणि थोरल्या दिरापुढे तर तोंडही उघडायचं नसे. मी ते नाव मोठ्यानं घेतलं, बापाच्या नावासकट. म्हटलं, "टोचा सुई. अंगठा माहा घ्या." दीर रागानं बाहेर गेले. थोड्या वेळानं डॉक्टरांनी काचेची नळी खिडकीशी धरली, तर तिच्यातून अंगणातला कडुनिंब लख्ख दिसला. दहाव्या दिवशी हे स्वतःच्या पायांनी गाडीत चढले. सासूबाई मात्र वर्षभर म्हणत होत्या, "नाव घेऊन तुनं त्याचं आयुष्य कमी केलं." आता ह्यांची ऐंशी वर्षं सरली आहेत, आणि मी ह्यांना रोज नावानंच हाक मारते.