तळघरातली खोली

इमारतींना पर्यावरणाचे गुण मिळवून देणं, हे तिचं काम. साइटवर तिला सगळे गुणवाल्या बाई म्हणत. घरी धाकटी बहीण ‘हिरवी ताई’ म्हणून चिडवायची. या कामात काही अटी सक्तीच्या असतात. त्या पाळल्या म्हणून गुण नाहीत, पण एक जरी चुकली तर खेळ खलास. पुढे मात्र पाणी वाचवलं, गुण. वीज वाचवली, गुण. सायकली लावायला जागा दिली, मग तिथे चिटपाखरूही फिरकेना का, गुण! बेरजेवरून इमारतीचा दर्जा सिल्व्हर की गोल्ड ते ठरतं. गुण देणारे लांब बसून कागद वाचतात आणि शेवटी एकदा चक्कर मारून जातात. बाईंना या बेरजेचा आताशा वीट आला होता.

या वेळी गोल्ड एका गुणासाठी अडलं होतं. गोल्ड नसेल तर भाड्याने येणारी कंपनी येणार नव्हती. आणि त्याच कंपनीत, कुठे कुठे चपला झिजवल्यावर, बहिणीला फोनवर बोलायची नोकरी लागली होती.

अडलेला गुण उजेडाचा होता. माणसं बसतात त्या बहुतेक जागांवर दिवसाचा उजेड पोचायला हवा, आणि फोनवाल्या मुलींची खोली होती तळघरात.

“त्यात काय एवढं?” आर्किटेक्ट म्हणाला. “नकाशावर ‘सामान’ लिहा. सामानाला कुठे उजेड लागतो?”

असं या धंद्यात सर्रास चालतं. बाईंनीही पूर्वी बिनदिक्कत केलं होतं. आज मात्र वाईट वाटलं. पण नोकरी गेली तर बहीण पुन्हा हातपाय गाळून बसेल, या धास्तीने त्यांनी लिहून टाकलं. कागद पास झाले, कंपनी आली. पाहणीची चक्कर तेवढी राहिली होती.

पहिल्याच दुपारी बहिणीचा फोन आला. तिला हसू आवरत नव्हतं.

“ताई, आमच्या दारावर पाटी काय आहे माहितेय? ‘सामान’! पाटीवाल्याने नकाशात बघून केली वाटतं. बदलून घे ना गं.”

“राहू दे ती,” त्या म्हणाल्या. “आणि परवा पाहणीला माणूस येईल, तेव्हा तुम्ही सगळ्या थोडा वेळ बाहेर थांबा.”

हसणं थांबलं.

“ताई, तूच लिहिलंस?”

“हो,” बाई म्हणाल्या.